दोन ताऱ्यांचा हिवाळा

ऑक्टोबर लागला की आमच्या इंगोलश्टाटमध्ये ओळखीचं माणूस भेटल्यावर आधी टायरची चौकशी होते. बदलले का? कुठे बदलले? इथे उन्हाळ्याचे टायर वेगळे आणि हिवाळ्याचे वेगळे. ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. अर्धं गाव गाड्या बनवतं, उरलेलं अर्धं गाड्यांचे भाग, त्यामुळे ऋतू पालटल्याचं झाडांच्या आधी गॅरेजला कळतं. परवा मीही गाडी घेऊन गेले. नव्या रबराचा वास, कोपऱ्यात कॉफीचं मशीन, भिंतीवर कॅलेंडर. कॅलेंडरवर बर्फाचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी लाकडी सज्ज्यांची चार घरं. आम्ही स्कीइंगला जायचो ते गाव हे नव्हतं, पण तसंच होतं. माझा नंबर येईपर्यंत मी त्या चित्राकडे बघत बसले आणि २०१३ सालचे ते सहा शनिवार एकेक करून आठवत गेले.

तेव्हा आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. मी साताऱ्याची सून, माहेर सांगली, शिक्षण पुण्यात, आणि नोकरी इथे, ब्रेकच्या चाचण्या घेणाऱ्या एका छोट्या कंपनीत. निखिल, माझा नवरा, गाडीच्या कारखान्यात. हिवाळ्यात सोमवारी सकाळी ऑफिसात शिरलं की सगळे स्कीइंगबद्दल बोलत असायचे. कुठे बर्फ चांगला होता, कुठे रांग होती, आणि मग संध्याकाळचे किस्से: डोंगरावरच्या झोपड्यांमधलं गाणं-बजावणं, जड बूट घालून बाकांवर चढून नाचणं. ऐकून ऐकून माझ्या डोक्यात एक चित्र तयार झालं होतं. दिवसभर डोंगरावरून सर्रकन खाली यायचं आणि रात्री जत्रेसारख्या उजेडात हिंडायचं. निखिल आदल्या वर्षी शिकला होता. त्या वर्षी कंपनीच्या स्पोर्ट्स क्लबने नवशिक्यांसाठी सहा शनिवारांचा कोर्स काढला, तेव्हा मी लगेच नाव दिलं.

गाव दक्षिणेला, ऑस्ट्रियाच्या हद्दीजवळ. पहाटे निघालं की नऊला पोचायचो. कोर्सच्या जागेपासून चालत जाता येईल असं एकच पेन्शन होतं, म्हणजे घरगुती लॉज. सात खोल्या, खाली जेवणघर, मातीच्या टाइल्सची मोठी भट्टी. मालकीणबाई फ्राऊ लेख्नर, सत्तरीच्या, उंच, खांद्यात किंचित वाकलेल्या. त्यांचे यजमान गावात स्की शिकवायचे, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाई मोजकं बोलायच्या. चावी देताना त्यांनी न्याहारीची वेळ सांगितली, ओले बूट कुठे ठेवायचे ते दाखवलं, आणि संपलं.

पहिला शनिवार. स्कीचे बूट म्हणजे दोन्ही पायांना एकदम प्लास्टर घातल्यासारखं वाटतं. नवशिक्यांचा उतार एवढा सौम्य की आपल्याकडे त्यावर वाळवणं घालतील. माझ्या गटात आम्ही तीन मोठी माणसं, आणि शेजारच्या गटात चार-पाच वर्षांची डझनभर पोरं. ती पोरं हातात काठीसुद्धा न घेता माझ्या दोन्ही बाजूंनी निघून जायची. थांबण्यासाठी स्कीची पुढची टोकं जवळ आणायची आणि मागची फाकवायची, एवढंच काम. दिवसभर ब्रेक तपासणारी मी, मला थांबता येईना. जाळीत जाऊन अडकले, एकदा शिक्षिकेला घेऊन पडले, एकदा नुसती उभी असताना पडले. निखिल तासाभरात येतो म्हणून ऑफिसच्या मित्रांबरोबर वरच्या लिफ्टने गेला होता. तो चारला आला, लालबुंद चेहऱ्याने, खूश. मी जाळीजवळच्या बाकावर ओले हातमोजे घेऊन बसले होते.

संध्याकाळी आम्ही गावात निघालो. एका खाणावळीला सुट्टी होती. दुसऱ्या खाणावळीत आठ वाजून गेल्यामुळे स्वयंपाकघर बंद झालं होतं. चौकातला सिग्नल पिवळा दिवा मिचकावत होता आणि त्याच्यासमोर एकही गाडी नव्हती. परत येऊन आम्ही जेवणघरात बरोबर आणलेले थेपले खात बसलो. नऊ वाजता फ्राऊ लेख्नर आल्या, घड्याळाकडे बघितलं, 'गुटं नाख्ट' म्हणाल्या आणि दिवे घालवले. आम्ही अंधारात डबा गोळा करून वर आलो. निखिल पडल्या पडल्या झोपला.

मी फोन उघडला. प्रवाशांनी अभिप्राय लिहायची एक वेबसाइट होती. त्यात रकाने वेगवेगळे: स्कीइंग, नाइटलाइफ, राहण्याची सोय. मी इंग्रजीत लिहिलं. स्कीइंग: सहा वर्षांखालच्यांसाठी उत्तम. नाइटलाइफ: आठनंतर गावात फक्त सिग्नल जागा असतो, आणि तोही डोळे मिचकावत. राहण्याची सोय: मालकीणबाई नऊला दिवे घालवतात, बहुधा पाहुण्यांची तोंडं बघवत नसावीत म्हणून. पाचपैकी दोन तारे दिले. नावाच्या जागी 'इंगोलश्टाटची एक पाहुणी'. पाठवलं आणि बरं वाटलं. आठवडाभरात कितीतरी जणांनी त्यावर अंगठे उठवले. खोटं कशाला सांगू, दुपारच्या सुट्टीत ते मी दोनदा उघडून बघितलं.

दुसऱ्या शनिवारी आमच्याबरोबर आप्पा होते, माझे सासरे. तीन महिन्यांच्या व्हिसावर नुकतेच आले होते. सासूबाई गेल्यापासून साताऱ्यात एकटे राहायचे. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. डोक्याला कानटोपी, त्यावर निखिलच्या जॅकेटची टोपी, अशा थाटात ते उताराच्या पायथ्याशी बाकावर बसले. स्कीइंगबद्दल त्यांचं मत पहिल्या पाच मिनिटांत तयार झालं. घसरायचंच आहे तर त्याला एवढी तयारी कशाला, असं ते म्हणाले. पण नंतर तासभर नजर न हलवता बघत होते. मी त्या दिवशी गुडघा मुरगाळून घेतला आणि अकरालाच त्यांच्याबरोबर पेन्शनवर परतले.

फ्राऊ लेख्नरनी गुडघ्याला गार कापड बांधून दिलं आणि आम्हाला थेट स्वयंपाकघरात बसवलं. आप्पांसमोर चहा ठेवला. मग त्या कपाटातून एक फाइल घेऊन आल्या. त्यांच्या ओळखीतली एक मुलगी वेबसाइटवरचे अभिप्राय छापून आणून द्यायची. जर्मन त्या स्वतः वाचायच्या. इंग्रजी तसेच पडून होते, आणि त्यांना इंग्रजी येत नव्हतं. वाचून दाखवाल का, असं त्यांनी विचारलं.

का हवंय तेही सांगितलं. म्युनिकला त्यांचा पुतण्या होता. त्याचं म्हणणं, घर मला द्या, खाली बार काढतो, पाहुण्यांना हल्ली रात्रीची मजा लागते, नुसत्या बर्फावर कोणी येत नाही. बाईंनी त्याला ईस्टरपर्यंत थांबायला सांगितलं होतं. तोवर पाहुणे काय म्हणतात ते वाचून ठरवणार होत्या. टेबलावर त्यांनी दोन गठ्ठे केले होते. एक पुतण्याच्या बाजूचा, एक स्वतःच्या. दोन्ही साधारण सारख्याच उंचीचे.

मी वाचायला लागले. एका इंग्लिश जोडप्याला बर्फ फार वाटला होता, त्याच आठवड्यात आलेल्या दुसऱ्याला कमी. एका डच बाईंनी उकडलेल्या अंड्यावर मोठा परिच्छेद लिहिला होता. कोणाला उतार अवघड, कोणाला फारच सोपे. एकाने लिहिलं होतं की इथे इतकी शांतता आहे की बायकोशी बोलावं लागलं. फ्राऊ लेख्नर यावर हसल्या नाहीत, थोडा विचार करून त्यांनी तो कागद स्वतःच्या गठ्ठ्यावर ठेवला. त्याखालचा कागद माझा होता.

पहिल्या शब्दालाच ओळखला. मी म्हणाले, या पाहुण्यांना उतार सोपे वाटले आणि गाव शांत वाटलं. फ्राऊ लेख्नर चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कागदाच्या डोक्यावरच्या ताऱ्यांवर बोट ठेवलं.

"शांततेसाठी दोनच? आल्झो, तर मग कृपा करून नीट वाचा. शब्द न् शब्द."

मी शब्द न् शब्द वाचलं. ज्या वाक्यांवर मी खूश होते, ती माझ्या मोडक्या जर्मनमध्ये अगदी रडकी निघाली. सिग्नलचं वाक्य मला तीनदा समजावून सांगावं लागलं. समजावलेल्या विनोदाची जी गत होते तीच त्याची झाली. शेवटचं वाक्य, पाहुण्यांची तोंडं न बघवण्याचं, मी टेबलाकडे बघत वाचलं.

बाई म्हणाल्या की खरं आहे, दिवे मी नऊलाच घालवते. आणि कागद पुतण्याच्या गठ्ठ्यावर ठेवला. आप्पा चहा पीत आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होते. त्यांना जर्मन कळत नव्हतं, पण माझा चेहरा कळत होता.

त्या संध्याकाळीही नऊला दिवे गेले. मी गुडघा धरून जिना चढत होते. मागे वळून बघितलं तर आप्पा खालीच राहिले होते. फ्राऊ लेख्नर अंधारात खिडकीशी उभ्या होत्या आणि त्यांच्यापासून चार हातांवर आप्पा. दोघंही डोंगराकडे बघत होती. डोंगरावर एक दिवा हलत होता, खूप हळू. मी वर निघून गेले. थोड्या वेळाने आप्पा आले आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी परतताना गाडीत त्यांनी सांगितलं. जर्मन येत नसताना त्यांना एवढं कसं समजलं कोण जाणे, पण पुढच्या आठवड्यात विचारलं तेव्हा ते तंतोतंत खरं निघालं. दिवसभर लोक घसरून बर्फाचे खळगे करतात. ते रात्री सपाट करायला रणगाड्यासारखे पट्टे असलेलं एक यंत्र वर जातं. बाईंची मुलगी रेनाटे ते यंत्र चालवायची. नऊच्या सुमारास ती सगळ्यात उभ्या कड्यावर असायची. खोलीत उजेड असला की काचेत आपलंच घर दिसतं, बाहेरचं काही दिसत नाही. म्हणून दिवे घालवायचे. यंत्राचा दिवा कड्याखाली उतरला की बाई झोपायला जायच्या.

"शेवटची महाबळेश्वर गाडी डेपोत येईपर्यंत मी असाच उभा असायचो," आप्पा म्हणाले. "घाटात दिवे दिसले की मग डबा उघडायचा."

मला राहवलं नाही. म्युनिक मागे पडल्यावर मी दोघांना सगळं सांगितलं. काय लिहिलं, कोणत्या नावाने लिहिलं, आणि काल तेच कसं वाचावं लागलं. आप्पा ओरडले नाहीत. डेपोतल्या तक्रारवहीत लोक काय काय लिहायचे ते त्यांनी सांगितलं. ड्रायव्हर उर्मट आहे, कंडक्टर सुटे देत नाही, नियंत्रक झोपा काढतो. शेवटची तक्रार अर्थातच त्यांच्यावर. ते म्हणाले, तुझी तक्रार खोटी आहे असं मी म्हणत नाही, तुला त्रास झाला तो झालाच.

"पण खाली नाव लागतं, अनघा. निनावी तक्रारीला उत्तर कोणाला द्यायचं?"

निखिल गाडी चालवत होता. हॉपच्या मळ्यांचे उघडे खांब दोन्ही बाजूंनी जायला लागले, म्हणजे इंगोलश्टाट जवळ आलं, तेव्हा कुठे तो बोलला. "मी तासाभरात येतो म्हणालो होतो ना," एवढंच म्हणाला. मी हो म्हटलं. आठवडाभरात त्या पहिल्या शनिवारबद्दल आम्ही पहिल्यांदाच बोलत होतो, आणि एवढंच बोललो.

तिसऱ्या शनिवारी मी स्की न घालता आधी स्वयंपाकघरात गेले. वाक्यं रात्री पाठ केली होती, तरी त्यातली अर्धी विसरले. फ्राऊ लेख्नर कणीक मळत होत्या. मी उभ्या उभ्या सांगितलं की तो दोन ताऱ्यांचा कागद माझा आहे, मी हे तेव्हाच सांगायला हवं होतं, आणि मी आजच पुसून टाकते. त्या मळत राहिल्या. माझी जर्मन संपली तरी मळत राहिल्या. मला वाटलं, आता ही बाई खोली सोडायला सांगणार. मग त्यांनी हात धुतले, पुसले, आणि गठ्ठ्यातून माझा कागद काढून समोर ठेवला.

"पुसू नका. पुसलं तर पुतण्याला वाटेल मी सांगितलं म्हणून पुसलं. तुम्ही समोर आहात तर मला एवढं सांगा, त्या संध्याकाळी तुम्हाला काय हवं होतं? नाचायचं होतं का?"

मी विचार केला. खरंच विचार केला, कारण हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. नाचायचं नव्हतं. झोपड्यांमधलं गाणं-बजावणंही नको होतं. दिवसभर पडून अंग दुखत होतं. कुठेतरी चार माणसांत बसायचं होतं, काहीतरी गरम पोटात जायला हवं होतं, आणि आज काय झालं असं कोणीतरी विचारायला हवं होतं. मी तसं सांगितलं. फ्राऊ लेख्नरनी पेन्सिल घेतली आणि माझ्या कागदाच्या मागे तीन शब्द लिहिले: माणसं, गरम, बसणं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. "याला बार लागत नाही."

त्यांनी मला माफ केलं की नाही, कळलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी काहीच बदललं नाही. पण पुढच्या शनिवारी आठ वाजता जेवणघरातल्या भट्टीत लाकडं होती आणि टेबलावर बटाट्याच्या सूपचं मोठं पातेलं. ज्याला हवं त्याने वाढून घ्यायचं. एक वृद्ध इंग्लिश जोडपं, हॅनोव्हरहून आलेली तीन माणसांची फॅमिली, आणि आम्ही. आप्पांनी सुपात चिमूटभर लसणाची चटणी टाकली आणि डबी शेजाऱ्यांकडे सरकवली. इंग्लिश बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यांनी पुन्हा मागितली. नऊला दिवे गेलेच. या वेळी बाईंनी कारण सांगितलं आणि सगळे आपापल्या वाट्या घेऊन खिडकीशी आले. बर्फावर तो एक दिवा जात होता, आडवा, मग पुन्हा आडवा. हॅनोव्हरच्या गृहस्थांनी विचारलं, तिला भीती नाही वाटत? फ्राऊ लेख्नर म्हणाल्या, तिला नाही. दिवा कड्याखाली उतरला तेव्हा आम्ही सगळेच जरा सैल झालो.

माझं स्कीइंग म्हणाल तर पाचव्या शनिवारी मी नवशिक्यांचा उतार न पडता उतरले. निखिल तेव्हा खाली उभा होता. गाडीतल्या त्या बोलण्यानंतर तो दुपारी माझ्याबरोबरच असायचा, त्या वाळवणाच्या उतारावर, बालवाडीत बसलेल्या थोराड मुलासारखा. मी त्याला वर जा म्हणायचे. तो म्हणायचा, जाईन.

अभिप्राय मी पुसला नाही. खाली माझं नाव घातलं आणि नऊला दिवे का जातात ते दोन ओळींत लिहिलं. तारे वाढवू का, असं बाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, त्या दिवशी तेवढेच होते, तेवढेच राहू देत. त्याखाली त्यांनी माझ्याकडून उत्तर लिहून घेतलं, त्यात क्षमा वगैरे काही नव्हतं. आठ ते साडेनऊ सूप मिळतं, दिवे नऊलाच जातात, एवढंच.

ईस्टरला त्यांनी पुतण्याला नकार दिला. माझ्यामुळे, असं मी म्हणणार नाही. त्यांच्या मनात ते आधीपासून असणार, गठ्ठे फक्त सोबतीला होते. त्यानंतर पेन्शन आणखी चार हिवाळे चाललं. मग गुडघ्यांनी दगा दिला आणि घर रेनाटेकडे गेलं. ती आता फक्त उन्हाळ्यात पदभ्रमणवाल्यांसाठी खोल्या उघडते, हिवाळ्यात तिला यंत्रामुळे वेळ नसतो. पुतण्याने रस्त्यापलीकडे दुसऱ्या घरात बार काढला, आणि तो बरा चालतो. मागच्या वर्षी आम्ही गेलो होतो. आमची लेक आता चार वर्षांची आहे, मराठीत विचारलं की जर्मनमध्ये उत्तर देते, आणि हातात काठी न घेता माझ्या बाजूने निघून जाते. आप्पा साताऱ्याहून व्हिडिओवर तिला बघतात आणि हळू, हळू म्हणतात. फ्राऊ लेख्नर पलंगावरून फार उठत नाहीत, पण पलंग खिडकीशी आहे.

पण मला सांगायचंय ते सहाव्या शनिवारानंतरच्या रविवारचं. मार्चची सुरुवात, उतारावर मातीची तपकिरी ठिगळं दिसायला लागली होती, पागोळ्या गळत होत्या. निखिल आणि आप्पा सामान गाडीत भरत होते. मी चावी द्यायला स्वयंपाकघरात गेले. फ्राऊ लेख्नर एका जुन्या जाड वहीत काहीतरी लिहीत होत्या. मी कुतूहलाने बघितलं तर त्या म्हणाल्या, तुम्ही आमच्याबद्दल लिहिता, मी तुमच्याबद्दल लिहिते. कोणाला अंडं मऊ लागतं, कोणाला खिडकीकडची खोली हवी असते, कोण भांडतं, कोणाला परत बोलवायचं. तीस वर्षांचे पाहुणे होते त्या वहीत. त्यांनी पानं मागे उलटली, जानेवारीपर्यंत, आणि वही माझ्याकडे फिरवली.

तिरप्या, जुन्या वळणाच्या अक्षरात चार ओळी होत्या. मी सावकाश वाचल्या. खोली चार. बाई बराच वेळ रडत होत्या, दार वाजवावं का कळेना. सकाळी टॉवेल घडी करून ठेवले. पुन्हा आल्या तर बरं होईल.

त्या पहिल्या शनिवारी रात्री मी रडले होते, हे मी निखिलला सांगितलं नव्हतं. आणि इथेही आत्तापर्यंत लिहिलं नव्हतं.